आरशातले अण्णा

जुलै संपत आला की जर्मनीतल्या बॉबलिंगेनमधल्या आमच्या रस्त्यावर गाड्यांच्या टपावर पेट्या चढायला लागतात. वर्षभर तळघरात धूळ खात पडलेल्या या लांबुळक्या काळ्या पेट्या दोघं-दोघं मिळून वर आणतात, पुसतात, गाडीवर ठेवून आवळतात आणि मग चार पावलं मागे जाऊन सगळं सरळ आहे ना ते बघतात. आमच्या राज्यातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी देशात जवळजवळ सगळ्यात शेवटी लागते. तोवर उत्तरेकडची मंडळी समुद्रावर जाऊन, भाजून निघून परत कामालाही लागलेली असतात. त्यामुळे आमच्याकडे सुट्टी येते ती जरा हावरटपणानेच. बुधवारी दुपारी शाळा सुटते आणि संध्याकाळी निम्मा रस्ता रिकामा झालेला असतो.

काल मीही आमची पेटी वर आणली. उघडून झटकली तेव्हा पाइनच्या सुकलेल्या काड्या पडल्या, माझ्या मुलीचा, रेवाचा, एक मोजा निघाला, आणि कोपऱ्यात चुरगळलेलं एक फडकं. मूळचं पांढरं. मधोमध हळदीचा डाग, त्याच्या कडेने फिकट लाल. माझी बायको मीनल म्हणाली, "टाक की ते आता." मी टाकलं नाही. घडी घालून जिथे होतं तिथेच ठेवून दिलं. चार वर्षांपूर्वीचा एक अख्खा उन्हाळा त्या फडक्यात आहे, आणि तो माझ्या वडिलांचा आहे.

अण्णा लाल गाडीवर बत्तीस वर्षं कंडक्टर होते. सातारा जिल्ह्यातला एकही घाट असा नाही जो त्यांनी उभ्याने पार केलेला नाही. स्वतः मात्र त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. "गाडी चालवतो ड्रायव्हर, पण निघते ती कंडक्टरमुळं," असं ते म्हणायचे. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी जागची हलता कामा नये, मग आत साक्षात कलेक्टर का बसलेला असेना. हा कायदा घरीही लागू होता. आम्ही कुठे निघालो की अण्णा आधी डोकी मोजायचे. आई, ताई, मी. "सगळे आत?" असं विचारायचे, जरी आम्ही सगळे बाहेर अंगणात उभे असलो तरी. मग दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे. त्याशिवाय आई चप्पलसुद्धा घालायची नाही.

आई गेली आणि त्यानंतर दीड वर्षाने मी अण्णांना तीन महिन्यांसाठी इथे घेऊन आलो. त्यांना बरं वाटावं म्हणून आणलं असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं तर मलाच बरं वाटावं म्हणून आणलं होतं.

पहिले पंधरा दिवस नव्याचे नऊ दिवस म्हणून निघून गेले. मग अण्णांना करायला काही उरेना. भांडी यंत्र घासायचं, कपडे यंत्र धुवायचं, भाजी मीनल ऑफिसातून येताना आणायची. कचरा टाकण्याचं काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं, पण इथे कचऱ्याच्या जाती-पोटजाती फार. एकदा कागद पिवळ्या पिशवीत गेले आणि इमारतीच्या हाउसमाइस्टरने, म्हणजे देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी, दाराला सभ्य भाषेतली एक चिठ्ठी चिकटवली. अण्णांनी ती मला वाचून दाखवायला लावली आणि त्या दिवसापासून कचऱ्याला हात लावणं सोडलं. रेवा तेव्हा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळी समजायची, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "या, या, आजोबा," म्हणजे "हो, हो" म्हणत ती खोलीत निघून जायची आणि अण्णा त्या बंद दाराकडे कौतुकाने बघत बसायचे.

मग ते आमच्या रस्त्यावरच्या बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसायला लागले. बस यायची, दारं आपोआप उघडायची, चार माणसं न बोलता चढायची, दारं मिटायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "इथं कंडक्टरच नसतो?"

"नाही अण्णा. ड्रायव्हर एकटाच."

त्यांनी बराच विचार केला. "मग तो दिवसभर बोलतो कुणाशी?"

आजही त्या थांब्यावरून जाताना मी ड्रायव्हरला मुद्दाम मान हलवून नमस्कार करतो, आणि बहुतेक ड्रायव्हर दचकतात.

जुलैत एकदा आम्ही दोघं बाल्कनीत मटार सोलत बसलो होतो. तेव्हा अण्णा तक्रारीचा सूर अजिबात न लावता म्हणाले, "मी इथं सामान हाय रे सुनील. उचला, ठेवा, उचला, ठेवा." मग एक शेंग सोलून म्हणाले, "या खेपेला आलो ते बरं झालं. नात बघितली, तुझं घर बघितलं. पुन्हा काय मी येत नाही." मी हवापाण्याचं, स्वच्छ हवेचं, सकाळच्या फिरण्याचं असं बरंच काही बोललो. ते मटार सोलत राहिले. मला ते फार लागलं, कारण त्यांचं बरोबर होतं. आपल्या माणसाला आपण आपल्या घरात बिनकामाचं करून ठेवलंय, हे मला दिसत होतं आणि काय करावं ते कळत नव्हतं. इंजिनिअर माणूस असं झालं की काहीतरी बुक करतो. मीही केलं. स्वीडनमधलं तळ्याकाठचं एक लाकडी घर, दहा दिवस, गाडीसकट.

ऑफिसातला योर्ग म्हणाला, डेन्मार्कवरून सरळ पूल आहे, बोटीची भानगड कशाला. पण रेवाला बोटच हवी होती. अण्णांनी ते ऐकलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा आपणहून प्रश्न विचारला. "गाडी बोटीत घालायची? दाभोळला जंगलजेट्टीत घालतात तशी?"

"तशीच. फक्त ही बोट सहा-सात मजली इमारतीएवढी असते."

"असू दे की. गाडी उलटी घालायची का सुलटी?"

"इथे सरळ आत जाते अण्णा. एका बाजूने शिरायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर," मी म्हणालो. मी त्या बोटीत कधी पाय ठेवलेला नव्हता.

इथे मला माझं काम काय ते सांगायला हवं. गाडी मागे घेताना जो कॅमेरा मागचं दाखवतो आणि जवळ काही आलं की जे सेन्सर टूं-टूं करतात, त्यांच्या सॉफ्टवेअरवर मी गेली कित्येक वर्षं काम करतो. निघायच्या आधी मी अण्णांना पार्किंगमध्ये नेऊन मोठ्या अभिमानाने ते दाखवलं होतं. नंबरप्लेटच्या वर, करंगळीच्या नखाएवढी काच. "हा गाडीचा मागचा डोळा." अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि त्या काचेकडे बघत राहिले. "म्हणजे माझंच काम की," ते म्हणाले. मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं, असं आता वाटतं.

आदल्या दिवशी जवळजवळ अख्खा जर्मनी कापून आम्ही रोस्टॉकजवळ मुक्काम केला आणि सकाळी बंदरावर पोचलो. डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा एकत्र वास, डोक्यावर केकाटणारे समुद्रपक्षी, आणि आखलेल्या रांगांत उभ्या शेकडो गाड्या. रांगेत थांबायचं म्हणजे जर्मन माणूस लगेच घडीच्या खुर्च्या काढतो. आमच्या पुढच्या जोडप्याने खुर्च्यांबरोबर टेबलही काढलं, त्यावर कापड अंथरलं आणि उकडलेली अंडी सोलायला घेतली. तेवढ्यात अण्णा खाली उतरले. त्यांच्या हातात आईचा कुंकवाचा करंडा होता.

तो करंडा ते बरोबर घेऊन आलेत हे मला माहीत नव्हतं. आई असताना नव्या गाडीला, दसऱ्याला, लांबच्या प्रवासाला त्यातूनच कुंकू निघायचं.

"अण्णा, अहो इथे नको. सगळे बघतायत," मीनल हळूच म्हणाली.

"बघू दे की. पाण्यावर निघालीय गाडी."

बाटलीच्या झाकणात त्यांनी हळद कालवली. बॉनेटवर हळदी-कुंकवाची बोटं ओढली, चारी चाकांना बोट लावलं. अंडी सोलणाऱ्या बाईंनी रेवाला विचारलं, हे काय चाललंय. रेवा आधी लाजली, आणि मग तिने जर्मनमध्ये सांगितलं की माझे आजोबा गाडीला सांगतायत, नीट ने आणि नीट परत आण. बाईंनी गंभीरपणे मान डोलावली आणि आपल्या नवऱ्यालाही उभं केलं. मी मोबाइलवर तिकीट शोधत होतो. त्यामुळे अण्णा गाडीच्या मागे गेले तेव्हा माझं लक्ष नव्हतं. ज्याला सगळ्यात जास्त काम त्याला सगळ्यात जास्त कुंकू, असा त्यांचा हिशोब होता. तो मला नंतर कळला.

रांग सरकली. लोखंडी उतारावर चाकं खडखडली आणि आम्ही बोटीच्या पोटात शिरलो. आत अर्धवट अंधार, ओली जमीन, साखळ्या, आणि दोन्ही बाजूंना भिंतीसारखे ट्रक. केशरी जाकीट घातलेल्या एका माणसाने हात वर करून मला थांबवलं. पुढच्या गाड्या सरळ गेल्या होत्या. मला मात्र त्याने दोन बोटांनी उलटं वळायला सांगितलं. एका ट्रकच्या आणि जहाजाच्या भिंतीच्या मधे जी खबदाड होती, तिच्यात मी गाडी मागे घालायची होती.

मी रिव्हर्स टाकला आणि स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीन लाल होता. नुसता लाल, आणि कडेने थोडा पिवळा. सेन्सरना चारी बाजूंनी लोखंड दिसत होतं, त्यामुळे त्यांनी एकच लांबलचक टूंऽऽ लावलं. बाजूच्या आरशात ट्रकचं चाक आणि अंधार याखेरीज काही दिसेना. माझ्यामागच्या गाड्यांपैकी एकानेही हॉर्न वाजवला नाही. इथे हॉर्न वाजवत नाहीत, नुसते बघतात, आणि ते जास्त वाईट असतं.

"बाबा, दास इस्ट डोख डाइन झिस्टेम," मागून रेवा म्हणाली. हे तर तूच बनवलंयस ना. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. केशरी जाकीटवाला "नाइन, नाइन" अशी मनाई करत धावत आला, कारण तिथे प्रवाशाने असं उतरायचं नसतं. अण्णांनी त्याच्याकडे न बघता नुसता तळहात उभा केला. घाटातल्या वळणावर बस मागे घेताना ते खालून येणाऱ्या जीपला असाच हात दाखवायचे. तो माणूस थांबला. तो का थांबला ते मी पुष्कळदा आठवून बघितलंय. मला वाटतं, त्याने तो हात ओळखला.

मग अण्णा माझ्या डावीकडच्या आरशात आले. पाय फाकवून, ताठ उभे. गेले दोन महिने पोक काढून चालणारा माणूस तो नव्हताच.

"ड्रायव्हर," त्यांनी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला असं म्हटलं. "ते टूं-टूं बंद कर. माझ्याकडं बघ."

मी बंद केलं.

"येऊ दे. येऊ दे. येऊ दे अजून. आता काप डावीकडं... काप, काप... बास, सरळ कर. येऊ दे. अजून हातभर हाय, घाबरू नको. येऊ दे..."

आणि गाडीच्या पाठीवर एक थाप पडली. एकच. मी ब्रेक दाबला.

केशरी जाकीटवाल्याने येऊन ट्रक आणि आमच्यामधलं अंतर बघितलं, भिंतीकडचं बघितलं. दोन्हीकडे सारखं होतं. त्याने चाकाखाली पाचर सरकवली आणि अण्णांना मान लववली. मी उतरलो तेव्हा अण्णा त्या काचेकडे वाकून बघत होते. "डोळ्यात कुंकू गेलं व्हय," ते म्हणाले. खजील झाले होते. मी पेटीतून फडकं काढून काच पुसली. मला रागवायचं होतं की रडायचं होतं ते कळेना, म्हणून मी पुसतच राहिलो.

वर आल्यावर गाड्यांच्या मजल्याची दारं बंद झाली. पोचेपर्यंत खाली जाता येणार नाही, असं तीन भाषांत सांगून झालं. आम्ही काचेजवळच्या टेबलावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. बाहेर बाल्टिक समुद्र इतका शांत होता की बोट चालली आहे हे पक्ष्यांवरूनच कळत होतं. तासाभराने तो केशरी जाकीटवाला, आता जाकीट काढून, कॉफीचा कप घेऊन शोधत शोधत आमच्या टेबलाशी आला. अण्णांकडे बोट करून त्याने रेवाला काहीतरी विचारलं.

रेवाने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दामच समुद्राकडे बघितलं.

"आजोबा," ती मराठीत म्हणाली, एकेक शब्द जमिनीवर पाय टेकवून बघावा तसा टेकवत, "तो विचारतो, तुम्ही हे काम किती वर्ष केलात?"

"बत्तीस."

तिने ते सांगितलं. त्याने शिट्टी वाजवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. एकोणीस. अण्णांनी त्याला दशमी दिली. पुढे अर्धा-पाऊण तास ते दोघं हातांनी बोलत होते. त्याची थांबायची खूण, यांची थांबायची खूण. त्याचा डावा, यांचा डावा. पावसात काय, अंधारात काय. अडलं की रेवा मधे पडायची, तिची मराठी क्रियापदं भलत्याच जागी उतरायची, आणि अण्णा एकदाही दुरुस्त न करता उत्तर द्यायचे. मीनल आणि मी मुद्दाम बाहेर डेकवर जाऊन उभे राहिलो. काचेतून मला अण्णांची पाठ दिसत होती. आई गेल्यापासून मी ती इतकी सरळ बघितली नव्हती.

स्वीडनचं खरं सांगायचं तर फारसं आठवत नाही. लाल रंगाचं घर होतं, रात्रीचे नऊ वाजले तरी मावळायचं नाव न घेणारं ऊन होतं, जंगलात वाकून वाकून वेचलेल्या जांभळ्या बेरी होत्या आणि आठवडाभर निळसर राहिलेली रेवाची जीभ. रोज गाडीत बसलो की अण्णा मागच्या डाव्या सीटवरून डोकी मोजायचे आणि दोनदा दारावर टकटक करायचे. तिसऱ्या दिवसापासून रेवा त्यांच्याआधी मोजायला लागली, "एक, दोन, तीन, चार," मराठीत. परतीच्या बोटीत गाडी सरळच घालायची होती. अण्णांना ते विशेष आवडलं नाही.

सुट्टीनंतर मी ही हकीकत ऑफिसात सांगितली. सगळे हसले, योर्ग सोडून. तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, हे आपण कधी तपासलंच नाही." कॅमेऱ्याच्या काचेवर लाल-पिवळा लेप, असा एक मुद्दा त्याने चाचण्यांच्या यादीत घातला. तो अजून त्या यादीत आहे. माझ्या बापाची जर्मन वाहनउद्योगाला ही देणगी.

अण्णांना सोडायला विमानतळावर गेलो तेव्हा पुन्हा यायचा विषय काढायची माझी हिंमत होत नव्हती. आत जायच्या फाटकाशी त्यांनी सॅक खांद्यावर चढवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती बोट दरवर्षी असती का रे?"

"असते अण्णा. दरवर्षी."

"मग उलटी घालायला माणूस लागंल," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतरच्या दोन्ही उन्हाळ्यांत ते आले. दोन्ही वेळा आम्ही बोटीने गेलो, आणि दोन्ही वेळा मी त्या रांगेत मनातल्या मनात प्रार्थना केली की आपल्याला उलटं घालायला सांगू देत. एकदा सांगितलं. एकदा नाही, तेव्हा मी पेट्रोलपंपावर विनाकारण गाडी मागे घेतली. अण्णा उतरले, त्यांनी मला नीट लावून दिलं, आणि थाप मारली.

मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाने पहिल्यांदा कुरकुर केली, म्हणून आम्हीच सगळे साताऱ्याला गेलो. या वर्षी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, विमान नाही. अण्णा आता ताईकडे असतात, खिडकीजवळच्या कॉटवर. रेवाचं त्यांच्याशी दर रविवारी बोलणं होतं आणि ते सगळं मराठीत होतं, क्रियापदं अजूनही भलतीकडेच. बोट मी फेब्रुवारीतच बुक केली होती. पण गेले पंधरा दिवस मी रोज काहीतरी कारण काढून ती रद्द करायचं बोलत होतो. शेवटी मीनल म्हणाली, "त्यांना विचार ना. मला काय विचारतोस?" मी विचारलं नाही. त्यांच्याशिवाय जातोय असं त्यांना कसं सांगायचं, एवढंच माझ्या पोटात होतं.

आज सकाळी सहाला आम्ही गाडीत बसलो. पेटी टपावर. मागे डाव्या सीटवर कुणी नाही. रेवा उजवीकडे बसली होती, डावी जागा तिने आपणहून रिकामी सोडली होती. मी किल्ली हातात घेऊन तसाच बसून राहिलो. मग तिने पुढे वाकून माझा फोन घेतला आणि साताऱ्याला लावला. तिकडे साडेनऊ वाजले होते. रेवाने रविवारीच त्यांना सांगून ठेवलं असावं, कारण अण्णांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"सगळे आत?" त्यांनी विचारलं. कसे आहात नाही, काही नाही.

"एक, दोन, तीन," रेवा म्हणाली आणि थांबली.

मला अण्णांचा श्वास ऐकू येत होता.

"अण्णा," मी म्हणालो, "तुमच्याशिवाय निघवत नाहीये."

"निघवत नाही म्हणजे?" त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण सूर तोच होता, खिडकीतून हात बाहेर काढणाऱ्या पोराला दटावायचा. "बेल मी दिली का अजून?"

मग फोनमधून कॉटच्या लाकडावर बोटाचं पेर दोनदा वाजलं.

मी आरशात बघितलं, आणि गाडी काढली.